४८ सेलच्या बोटीसाठी घेतलेला बॅटरी मॉनिटर सेट: चिप झकास, अ‍ॅड्रेस देणारं सॉफ्टवेअर अर्धवट

आधीच सांगून टाकतो, सेट घेण्यासारखा आहे, पण त्यासोबत जे सॉफ्टवेअर येतं ते जसंच्या तसं बोटीत टाकू नका. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, आपल्याकडचाच छोटा धंदा आहे आणि माणूस फोन उचलतो, आजकाल तेवढंही कोण करत नाही.

सेटमध्ये काय येतं तर तीन हिरवे बोर्ड, प्रत्येकावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू ७९६१६ ही सेलचं व्होल्टेज मोजणारी चिप, एका चिपवर १६ सेल, म्हणजे एकूण ४८. शिवाय एक कंट्रोल बोर्ड, छोटा डिस्प्ले, बोर्ड टू बोर्ड जोडायच्या पिळाच्या वायरी आणि टेम्परेचरचे सेन्सर. कुरियर कुडाळपर्यंत आला आणि तिथून पुढे नेहमीप्रमाणे आपणच आणायचा, पण पॅकिंग मजबूत होतं, एक पण कनेक्टर वाकलेला नव्हता.

काम होतं देवबागच्या एका काकांच्या बोटीचं. कर्लीच्या खाडीत पर्यटकांना फिरवतात, कांदळवनात शिरलं की पेट्रोलच्या इंजिनाच्या आवाजाने एक पक्षी जागेवर राहत नाही आणि पेट्रोलचा खर्च तर विचारूच नका, म्हणून इलेक्ट्रिक करायची होती. ४८ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सिरीजमध्ये, नॉमिनल १५३ व्होल्टच्या आसपास आणि फुल चार्जला १७५ च्या घरात. सगळं वजन एका टोकाला नको म्हणून तीन पेट्या केल्या, एक नाळेकडे, दोन मागे. त्यामुळे पेट्यांमधे चांगली लांब वायर जाणार होती, आणि म्हणूनच स्वस्तातला एका पट्टीवरचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारा बोर्ड) चालणार नव्हता. काकांची अट एकच होती, "ता माका कायव सांगू नको, खाडीत मध्येच बंद पडली तर लोका काय पोवत येतली?"

आता मुद्द्याचं. असले सेट विकत घेताना सगळे विचारतात किती सेल, किती अँपिअर, बॅलन्सिंग (सगळे सेल एका पातळीवर आणणं) किती, मोबाईल अ‍ॅप आहे का. कोणी विचारत नाही की प्रत्येक चिपला तिचा नंबर, म्हणजे अ‍ॅड्रेस कसा लागतो. माझ्या मते पहिला प्रश्न तोच पाहिजे. कारण तिन्ही चिप एकसारख्या, एकाच रीळमधून निघालेल्या, आणि कंट्रोल बोर्डाने "सेल नंबर ५ चं व्होल्टेज सांग" म्हटलं तर ते कोणाच्या पाचव्या सेलचं ते ठरलं पाहिजे ना. दोघी एकदम बोलल्या तर कचरा, आणि एखादी गप्प राहिली तर तिच्या ताब्यातले १६ सेल वाऱ्यावर.

बरं, नेहमीच्या बससारखं सगळ्यांना एकाच वायरीवर लटकवता पण येत नाही. पहिल्या चिपचा ग्राउंड हा बॅटरीचा मायनस, दुसरीचा ग्राउंड त्याच्या वर ५१ व्होल्ट, तिसरीचा १०२. थेट वायर जोडली तर धूर. म्हणून या चिपा एकीवर एक अशी साखळी करतात, खालचीचं वरचं तोंड वरचीच्या खालच्या तोंडाला, मधे कपॅसिटर नाहीतर ट्रान्सफॉर्मर टाकून. कंट्रोल बोर्ड फक्त सगळ्यात खालचीशी बोलतो, साध्या यूएआरटीवर (एकामागून एक बिट पाठवणारी लाइन) सेकंदाला १ मेगाबिटने, आणि निरोप वर वर जातो.

अ‍ॅड्रेस द्यायच्या पद्धती बाजारात दोन-तीन आहेत. सोलरच्या रॅक बॅटऱ्यांमधे बहुतेक डिप स्विच असतात, छोटी छोटी बटणं वरखाली करून ०, १, २ लावायचं. सोपं आहे, पण आपल्याकडे होमस्टेवाल्यांकडे बघा, पहिल्या वर्षी एक बॅटरी घेतात, पुढच्या सीझनला दुसरी जोडतात, दुसरीचा स्विच तसाच शून्यावर, दोन्ही एकदम उत्तर देतात आणि इन्व्हर्टर मग मनाला येईल तो टक्का दाखवतो. जोडणारा पोरगा म्हणतो बॅटरीच डिफेक्टिव्ह. चिपच्या पातळीवर पण असाच प्रकार आहे, एलटीसी ६८११ या दुसऱ्या एका मॉनिटर चिपचं एक व्हर्जन येतं त्याला चार अ‍ॅड्रेस पिना असतात, त्या हाय-लो करून १६ पर्यंत चिपा एका बसवर बसतात, पण मग प्रत्येक बोर्डाचं जंपर वेगळं, स्पेअर बोर्ड ठेवायचा तर कोणता ठेवणार? त्याच चिपच्या दुसऱ्या व्हर्जनला अ‍ॅड्रेसच नाही, डेटा एकामागून एक सरकत बाहेर येतो आणि कितवा आला त्यावरून चिप ओळखायची. ती पद्धत मला आवडते खरं तर, पण एकाच चिपशी बोलायचं झालं तरी सगळी साखळी हलवावी लागते.

या सेटमधल्या चिपचं तिसरंच आहे, ऑटो अ‍ॅड्रेसिंग. चालू झाल्यावर सगळ्या चिपा शून्यच असतात, कोणालाच नाव नाही. कंट्रोल बोर्ड आधी सगळ्यांना सांगतो की आता अ‍ॅड्रेस घ्यायच्या तयारीत राहा. मग एकामागून एक ०, १, २ असे आकडे सोडतो. पंगतीत पत्रावळ्या पुढे सरकवतात ना तसं, पहिल्याने आलेली पहिली ठेवून घेतली की नंतरच्या सगळ्या पुढे ढकलायच्या, दुसऱ्याने त्याच्यापर्यंत आलेली पहिली ठेवायची. शेवटी सगळ्यात वरचीला वेगळं सांगावं लागतं की बाई तू शेवटची, तुझ्या वर कोणी नाही, इथून परत फिर. हे सुरू करायच्या आधी आणि नंतर काही रजिस्टरांवर (चिपच्या आतल्या सेटिंगच्या जागांवर) उगाच लिहायचं आणि वाचायचं असतं, त्याने चिपांचं आपापसातलं टायमिंग जुळतं, ते गाळलं तर कधी चालतं कधी नाही. ६ बिटचा अ‍ॅड्रेस, म्हणजे ० ते ६३, आपल्याला तीनच पाहिजेत त्यामुळे काळजी नाही.

फायदा सरळ आहे. तिन्ही बोर्ड एकसारखे, कोणताही कुठेही लावा, स्पेअर म्हणून एकच बोर्ड पेटीत टाकून ठेवा, जंपर नाही, स्विच नाही, खाऱ्या हवेत गंजायला एक गोष्ट कमी.

हार्डवेअरबद्दल तक्रार जवळजवळ नाहीच. दोन बोर्डांमधे ट्रान्सफॉर्मर दिलाय, पेट्या लांब असतील तर तेच पाहिजे, आणि वायर पिळाचीच दिलीय. बॅलन्सिंग चिपच्या आतच होतं, चिपची हद्द २४० मिलिअँपिअर आहे, १०० एएचच्या सेलला ते म्हणजे रात्रभराचं काम, पण बोट रात्रभर धक्क्यालाच उभी असते मग काय हरकत आहे. सेलची व्होल्टेजं मी मल्टिमीटरने टोचून बघितली, फरक असलाच तर शेवटच्या आकड्यात. प्रत्येक निरोपाला १६ बिटचा सीआरसी, म्हणजे चूक पकडणारा आकडा, असतो, त्यामुळे मोटरच्या कंट्रोलरचा इलेक्ट्रिकल नॉइज लाइनीवर शिरला तरी चुकीचा आकडा खरा म्हणून सहसा येत नाही, एकतर बरोबर येतो नाहीतर टाकून दिला जातो.

आता सॉफ्टवेअर. इथे माझी सटकली.

जाहिरातीत ठळक अक्षरात लिहिलंय की किती बोर्ड जोडलेत ते सिस्टिम आपोआप ओळखते, सेटिंगची गरज नाही. ऐकायला भारी. घरी टेबलावर तिन्ही बोर्ड जोडून चालू केलं, डिस्प्लेवर हिरवा ओके, वर लिहिलेलं ३२ सेल, १०५ व्होल्ट. बंद करून परत चालू केलं, ४८ सेल. परत, ३२. आणि प्रत्येक वेळी हिरवा ओकेच. तिसऱ्या बोर्डाचे १६ सेल त्याला दिसतच नव्हते आणि त्याचं त्याला काही वाटत पण नव्हतं. विचार करा, बोट रात्री चार्जिंगला लावलीय, तिसऱ्या पेटीत एक सेल ३.६५ व्होल्टच्या हद्दीच्या वर गेलाय आणि डिस्प्ले म्हणतोय सगळं छान.

कोड त्यांनी दिलेला असतो, ही चांगली गोष्ट, म्हणून उघडून बघितला. कारण दोन ओळीत सापडलं. या चिपांना उठवायला यूएआरटीची लाइन दोन-अडीच मिलिसेकंद खाली धरायची असते, मग पहिली चिप उठते, ती दुसरीला उठवते, दुसरी तिसरीला. प्रत्येकीला साधारण १० मिलिसेकंद आणि वर थोडे लागतात. यांच्या कोडात उठवल्यावर थांबायचा वेळ ठोक २५ मिलिसेकंद लिहिलाय. दोन बोर्डांना तो पुरतो, तिसरा बोर्ड कधी लवकर उठला तर पत्ता घेतो, नाहीतर डोळे चोळत असतानाच आकडे वाटून संपलेले असतात. बनवणाऱ्याने दोन बोर्डांवर टेस्ट केलं असणार आणि तीनचा सेट विकायला काढला, दुसरं काय. ती ओळ बोर्डांच्या संख्येने गुणून टाकली, वर थोडा वेळ जादा दिला, की तिसरा बोर्ड दर वेळी हजर.

पण खरा दोष तो थांबायचा वेळ नव्हेच. खरा दोष त्या आपोआप ओळखण्यातच आहे. कोड काय करतो, अ‍ॅड्रेस वाटतो, मग ०, १, २, ३ करत हाका मारत जातो, जो शेवटचा ओ देतो त्याला सगळ्यात वरचा ठरवतो आणि तेवढ्यांवरच संसार सुरू. म्हणजे वायर तुटली, कनेक्टर सैल झाला, बोर्ड मेला, काहीही झालं तरी चालू करताना सिस्टिम खुशीत लहान बॅटरी समजून चालू होते. बॅटरीला किती बोर्ड आहेत हे कोणीतरी हाताने लिहून ठेवलंच पाहिजे, आणि मोजल्यावर आकडा जुळला नाही तर कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी जोडणारा मोठा स्विच, लागताच कामा नये. मी कोडात तीन हा आकडा टाकून त्याच्याशी तुलना लावली, जुळलं नाही तर लाल आणि बझर. आता टेबलावर मधली वायर काढून चालू केलं की बोंबलतो, जसा बोंबलायला पाहिजे तसा.

दुसरी कटकट सकाळची. बराच वेळ कोणी बोललं नाही की चिप आपोआप झोपते किंवा पूर्ण बंद होते, कसं ते सेटिंगवर असतं. नुसती झोपली तर अ‍ॅड्रेस शाबूत राहतो, पूर्ण बंद झाली तर पुसला जातो, परत उठवून परत सगळं वाटप. यांनी सेटिंग पूर्ण बंदचं ठेवलंय, बॅटरी वाचते म्हणून, ते बरोबरच आहे. पण कंट्रोल बोर्ड वेगळ्या १२ व्होल्टवर चालूच राहतो आणि सकाळी जुन्याच अ‍ॅड्रेसना हाका मारत बसतो, उत्तर कोण देणार. डिस्प्लेवर कम्युनिकेशन एरर. काकांचा आठ वाजता फोन, "तुझा ता मशीन उठूक नाय अजून." मेन स्विच बंद-चालू केला की व्यवस्थित. ही चूक मला तितकी लागली नाही, कारण निदान इथे तो खोटं तरी बोलत नाही, दिसत नाही तर दिसत नाही म्हणतो. तीन वेळा उत्तर आलं नाही तर उठवण्यापासून परत सुरू कर, एवढं कोडात घातलं आणि फोन यायचे बंद झाले.

तिसरी गोष्ट रिंगची. या चिपांची साखळी दोन्ही बाजूंनी चालते, प्रत्येक चिपमधे दोन अ‍ॅड्रेस ठेवायची सोय आहे, एक खालून येणाऱ्या निरोपासाठी, दुसरा उलट दिशेसाठी. शेवटच्या बोर्डापासून एक वायर परत पहिल्या बोर्डाकडे आणली की मधे कुठे तुटलं तरी अर्ध्या चिपांशी या बाजूने आणि उरलेल्यांशी त्या बाजूने बोलता येतं. बोटीला हे म्हणजे सोन्यासारखं, कारण भर खाडीत एक वायर सुटली म्हणून कॉन्टॅक्टर पाडायचा का आंधळं चालवायचं असा पेचच पडत नाही, दोन्ही बाजूंनी बोलून धक्क्याला या आणि मग दुरुस्त करा. सेटमधे परतीची वायर दिलीय, बोर्डावर सॉकेट दिलंय, किमतीत पण धरलंय. आणि कोडात उलट दिशेचे अ‍ॅड्रेस कधी दिलेलेच नाहीत. सॉकेट शोभेचं. मी फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर, "सर ते पुढच्या व्हर्जनला आहे." बरं.

फोनवरचा माणूस मात्र चांगला, स्वतः सोल्डरिंग करणारा वाटला. पहिल्यांदा म्हणाला वायर चेक करा, ते सगळेच म्हणतात. त्याला म्हटलं उठवल्यावर थांबायचा वेळ बघा, थोडा वेळ शांत, मग म्हणाला, "अरे हो राव." दोन आठवड्याच्या आत नवीन फर्मवेअर, म्हणजे बोर्डातलं सॉफ्टवेअर, पाठवलं, त्यात वेळ बोर्डांच्या संख्येवर आहे, किती बोर्ड हे सेटिंग आहे, आणि रिंग पण चालते. मी टेबलावर परतीची वायर लावून मधली ओढून काढली, डिस्प्ले क्षणभर अडखळला, ४८ च्या ४८ सेल परत आले आणि कोपऱ्यात पिवळी खूण, दोन नंबर आणि तीन नंबरच्या मधे तुटलंय म्हणून. याच्यासाठी पैसे वसूल.

पेट्यांच्या नंबरचं एक राहतं, ते कोणत्याच सॉफ्टवेअरने आपोआप सुटणार नाही. अ‍ॅड्रेस मिळतो तो वायरीच्या क्रमाने, पेटीवर तुम्ही मार्करने काय लिहिलंय त्याच्याने नाही. पावसाळ्यात बोट वर ओढली, पेट्या काढून घरात ठेवल्या, परत लावताना मागच्या दोन अदलाबदल झाल्या की गेल्या वर्षीचा कमजोर सेल आता दुसऱ्याच पेटीत दाखवणार आणि तुम्ही चांगला सेल काढून फेकणार. चिपच्या आत तिचा स्वतःचा एक ओळख नंबर असतो, कारखान्यातून आलेला. तो अ‍ॅड्रेससोबत वाचून साठवून ठेवला तर पेटी हलली हे लगेच कळतं. हे मी त्याला सुचवलंय, अजून केलेलं नाही. तोवर वायरीच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप लावून घ्या, साधा उपाय आहे.

आता खारं. बोर्डांवर कोटिंग मारलेलं आहे पण कनेक्टरच्या पिनांपाशी सोडून दिलंय, तिथेच पहिली हिरवी बुरशी धरते. किनाऱ्यावर काहीही ठेवा, लोखंड असो तांबं असो, एका पावसात अवकळा येते. मी कनेक्टर लावून झाल्यावर वरून सिलिकॉन ग्रीस भरलं आणि पेटीची झाकणं रबर लावून बंद केली, वायर आत जाते तिथे पाणी अडवणारी ग्लँड. सेटमधली दिलेली ग्लँड स्वस्तातली आहे, हाताने फिरवली तरी घसरते, ती बदला, मालवणच्या हार्डवेअरच्या दुकानात चांगली मिळते. कनेक्टर पण ऑटोमोटिव्ह सीलवाले द्यायला हवे होते, या किमतीत बसले असते.

मॅन्युअलबद्दल लिहायचं तर ते चार पानी आहे, त्यातली दोन वॉरंटीची. अ‍ॅड्रेस कसा लागतो याच्यावर एक वाक्य, "अ‍ॅड्रेस ऑटो सेट होतील". चिपचा मूळ डेटाशीट उतरवून घ्या, तो फुकट आहे आणि त्यात ऑटो अ‍ॅड्रेसिंगची पायरी न पायरी दिलीय, कोड थोडाफार समजत असेल तर एका संध्याकाळचं वाचन. समजत नसेल तर हा सेट कोणाकडून तरी बसवून घ्या, कारण १७५ व्होल्ट डीसी हे काय गंमत नव्हे. हातमोजे, एकाच हाताने काम, आणि पेट्या जोडायची लिंक सगळ्यात शेवटी.

किंमत चायनाच्या एका पट्टीवाल्या बीएमएसच्या दुप्पट पडते. घरच्या सोलरला, जिथे १६ सेल एका डब्यात बसतात, तिथे हा घेऊ नका, पैसे फुकट जातील, तिथे एका चिपवाला कुठलाही बरा बोर्ड पुरे. पेट्या वेगवेगळ्या जागी असतील, व्होल्टेज मोठं असेल, बोट, रिक्षा, छोटा टेम्पो असलं काही असेल तर मात्र याच्यासारखं या पैशात दुसरं मला दिसलं नाही.

हार्डवेअरला साडेचार, मूळ सॉफ्टवेअरला दीड, नवीन फर्मवेअरला चार, मॅन्युअलला शून्य. ऑर्डर करताना नवीन फर्मवेअर टाकूनच पाठवा असं स्पष्ट लिहा, जुन्या स्टॉकमधले बोर्ड अजून २५ मिलिसेकंदवालेच येतायत, माझ्या ओळखीच्या एकाला वेंगुर्ल्यात गेल्याच महिन्यात तसाच आला. आल्या आल्या टेबलावर मधली वायर काढून चालू करून बघा. ओके दाखवला तर परत पाठवा.